पोलीस आणि दारचें कुत्रें

अमेरिकेंत पोलीस शिपाई कामानिमित्त एखाद्याच्या आंगणांत शिरतो, घरचें कुत्रें भुंकत धांवून येतें, आणि शिपाई पिस्तूल झाडतो. पुष्कळदां त्या मुक्या जिवाचा अपराध एवढाच, कीं तें आपलें घर राखीत होतें. नेम चुकला, तर गोळी जवळच्या मुलालाही लागावयाची.

यावर उपाय म्हणून कोलोराडो संस्थानानें २०१३ सालीं कायदा केला आणि पोलिसांना श्वानस्वभावाचें निदान तीन तासांचें शिक्षण सक्तीचें केलें. तीन तास! शाळेंतल्या मुलाला एक प्रमेय उमजावयासही कधीं याहून अधिक काळ लागतो. तथापि मुळींच नसण्यापेक्षां हें बरें. टेक्ससनें २०१५ सालीं चार तास ठरविले.

शिकावयाचें तें काय? फाटक उघडण्यापूर्वीं तें खडखडवावें. आंत सांखळी किंवा पाण्याचें भांडें दिसतें का, तें पाहावें. शेपटी हलली म्हणजे कुत्रें मित्र झालें, असें नव्हे; अंग ताठ, शेपटी उंच आणि नजर रोखलेली असेल, तर सावध राहावें. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवूं नये. पाठ फिरवून पळूं तर मुळींच नये. अंग तिरपें करून उभें राहावें व हातांतली काठी मध्यें धरावी. चावलेंच, तर बहुधा तिला चावेल.

पण कोलोराडोच्या कायद्यांतलें खरें मोलाचें कलम निराळेंच आहे. कोणाच्या जिवाला धोका नसेल, तेथें धन्याला आपलें कुत्रें आवरण्याची किंवा दूर नेण्याची संधि पोलिसांनीं द्यावी, असें तें सांगतें. सांखळी आणावयास धन्याला दोन मिनिटें पुरतात.