कूपे, कूपन आणि कू

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डिप्लोमा झालेला रेल्वेतला इंजिनिअर. रूळ, स्लीपर यांवर तासभर बोलेन. पण आपल्या सेक्रेटरींनी बजावले, "यंदा रेल्वे सोडून बोला." म्हणून एका शब्दाबद्दल बोलतो. त्याने माझी चांगलीच फजिती केली होती.

१२ ऑक्टोबर १९९९ रोजी पाकिस्तानात जनरल परवेझ मुशर्रफ यांनी नवाझ शरीफ यांचे सरकार उलथवले. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. इंग्रजी सुधारावे म्हणून होस्टेलवर पेपर मोठ्याने वाचायचो. मथळ्यातला शब्द मी ऐटीत 'कूप' असा वाचला. एकजण म्हणाला, "अरे, कूप म्हणजे विहीर! ती कुठून आली?" सगळे हसले. पुढे कित्येक महिने मी चारचौघांत इंग्रजी वाचले नाही.

खरा उच्चार 'कू'. शेवटचा 'प' लिहायचा, बोलायचा नाही. शब्द फ्रेंच, अर्थ तडाखा किंवा घाव. पूर्ण रूप 'कू देता', म्हणजे राज्याचा तडाखा. 'कू द ग्रास' म्हणजे यातना संपवणारा अखेरचा घाव. इंग्रजीत एखाद्याने अचानक मोठे यश मिळवले, तरी त्याला 'कू' म्हणतात. घाव घालण्यावरून फ्रेंचमध्ये 'कापणे' हे क्रियापद आले आणि त्यातून आमच्या फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा 'कूपे' आला. इतकेच काय, महाप्रसादासाठी आपण फाडून देतो ते 'कूपन'ही त्याच घरचे! 'कपलिंग' मात्र त्या घरचे नाही. ते जोडण्याच्या लॅटिन शब्दावरून आले. (सेक्रेटरीसाहेब, रेल्वे आलीच, माफ करा.)

गंमत अशी की, सतराव्या शतकात 'कू देता' म्हणजे राज्यकर्त्याने राज्यासाठी नेहमीचे नियम बाजूला सारून उचललेले अचानक पाऊल. गाब्रिएल नोदे या फ्रेंच लेखकाचे या विषयावरचे पुस्तक १६३९ चे आहे. पुढे ९ नोव्हेंबर १७९९ रोजी नेपोलियनने सत्ता बळकावली. २ डिसेंबर १८५१ रोजी त्याचा पुतण्या लुई नेपोलियन, जो निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होता, त्यानेच आपल्या देशाची विधानसभा बरखास्त केली आणि वर्षभराने तो सम्राट झाला. म्हणजे घाव घालणारा हात बाहेरचा नसतो, राज्याच्या आतलाच असतो. या शब्दाची खूण हीच.

मग मराठीत काय म्हणावे? 'क्रांती' नव्हे, क्रांतीने समाज बदलतो. 'उठाव' खालून होतो. 'बंड' फसले तरी बंडच. 'सत्तांतर' तर निवडणुकीनेही होते. इथे हिंदी मुलखात आपली मुले 'तख्तापलट' म्हणतात. मला 'सत्ता बळकावणे' हे साधे शब्द बरे वाटतात, कारण त्यांत अन्याय लपत नाही. त्याच १९९९ साली, १७ एप्रिलला, आपल्याकडे वाजपेयींचे सरकार लोकसभेत एका मताने पडले. एकही गोळी सुटली नाही. निवडणूक झाली आणि तिकडे मुशर्रफ आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी इकडे वाजपेयींनी पुन्हा शपथ घेतली. दोन्हीकडे सरकार पडले, पण दोन्हींना एकच शब्द लावला तर आपल्या मताची किंमत आपणच विसरू.

आपल्या इतिहासातही असा घाव आहे, आणि तोही गणेशोत्सवातला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदीच होते. पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' झाले, असे सांगतात. ती आख्यायिका असेल. पण 'ध चा मा' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. राघोबादादा पेशवे झाले खरे, पण रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी धरले आणि बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही.

एका अक्षराला एवढे वजन असते. म्हणून मुलांनो, शब्द अडला तर विचारा, चुकला तर लाजू नका. आणि कोणी चुकला तर मोठ्यांनी हसू नये. माझे ते गप्प राहिलेले महिने कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढेच विद्येच्या देवतेपाशी मागणे.

गणपती बाप्पा मोरया!