चकली आपली, खोके कुणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



खोक्यांचे नमुने तयार करणे हा माझा व्यवसाय. त्याविषयी चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. “खोक्यांवर कसले आले आहे भाषण?” असे काहीजणी म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे. जिन्नस घरी आला की तो डब्यात जातो आणि खोके रद्दीत.

पण आपल्या काही भगिनी दिवाळीचा फराळ विकतात, त्यांचा अनुभव ऐका. एका दुकानदाराने गेल्या दिवाळीत त्यांच्याकडून चकली सुटी घेतली, आपल्या खोक्यात भरली आणि वर आपले नाव छापले. गिऱ्हाइकांनी वाखाणणी केली ती दुकानाची. भाजणी आपली, हात आपला, चटके आपले. नाव आणि वरकड नफा मात्र त्याचा. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

आज आपण पाहतो ते घडीचे खोके अमेरिकेत जन्मले. रॉबर्ट गेअर नावाचा स्कॉटलंडहून तिकडे गेलेला गृहस्थ ब्रुकलिन येथे कागदी पिशव्यांचा कारखाना चालवी. १८७९ साली बियाण्याच्या पिशव्या छापताना यंत्रातली एक धातूची पट्टी वर सरकली आणि घडी पाडण्याऐवजी तिने कागदच कापला. माल वाया गेला, पण गेअरने त्यातून युक्ती काढली. धारदार पाती थोडी उंच आणि बोथट पट्ट्या थोड्या खाली बसविल्या, तर एकाच दाबात पुठ्ठा कापलाही जाईल आणि घडीच्या रेघाही उमटतील! त्यामुळे खोकी झपाट्याने तयार होऊ लागली, आणि मुख्य म्हणजे ती सपाट ठेवता येऊ लागली. आजही पुठ्ठ्याचे पंचिंग याच तत्त्वावर चालते.

पुढे १८९९ च्या सुमारास तिथल्या नॅशनल बिस्किट कंपनीने युनीडा बिस्किटे खोक्यात घालून विकायला काढली. त्याआधी बिस्किटे पिंपातून सुटी विकली जात आणि सर्द होत. कंपनीने खोक्याच्या आत मेणकागदाचे अस्तर घातले. यातला धडा आपल्याला फार उपयोगी आहे. पुठ्ठा आकार देतो, ओल अडवीत नाही. चकली कुरकुरीत राहायची तर आत घट्ट बंद केलेली पिशवी हवीच. बेसनाच्या लाडवाखाली बटरपेपर हवा, नाहीतर तूप पुठ्ठ्यात उतरते. वर्तमानपत्राचा कागद मात्र अजिबात नको. शाईचा अंश अन्नात जातो, आणि २०१८ च्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी तो निषिद्धच ठरविला आहे.

आता खोके बेतायचे कसे? चोळी बेतताना आपण आधी माप घेतो, मग कापड कापतो. इथेही तेच. चार सेंटिमीटर व्यासाचे बारा लाडू चार-तीन असे मांडले, तर सोळा बाय बारा सेंटिमीटर जागा लागते. त्यात दर बाजूस तीन-चार मिलिमीटर सैल सोडावे, म्हणजे लाडू चेपत नाही आणि खुळखुळतही नाही. माप नेहमी आतले धरावे आणि पुठ्ठ्याची जाडी वेगळी मिळवावी.

कापडाला जसा उभा-आडवा धागा, तसा पुठ्ठ्यालाही असतो. तुकडा फाडून पाहा. एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटेल ती धाग्याची दिशा. उभ्या खोक्यात हा धागा उभ्या घड्यांना आडवा, म्हणजे खोक्याभोवती फिरणारा ठेवावा. नाहीतर माल भरल्यावर बाजूंना पोट सुटते.

हलक्या मालाला तळाची झाकणपट्टी आत खोचली की पुरते. अर्धा-एक किलो चिवडा असेल तर मात्र चार पाकळ्या एकमेकींत अडकणारा तळ घ्यावा. खोचलेला तळ हातात उचलताच उघडतो, आणि सगळा चिवडा पायांवर!

दुकानात खोके मांडले जाते तेव्हा ते आपल्या वतीने बोलत असते. समोरच्या बाजूला पुठ्ठ्याची कापीव कड दिसू नये, अशा रीतीने वरची पट्टी मागून पुढे आणून आत खोचावी. चिक्कीसारख्या लहान जिनसांसाठी आणखी एक सोय आहे. झाकणावर टिंबाटिंबांची रेघ पाडतात. दुकानदाराने ती दाबून मोडली की झाकण मागे उभे राहते आणि पाटीचे काम करते. गिऱ्हाईक समोरून एकेक वडी उचलते. मांडणी आणि वाटप एकाच पुठ्ठ्यात होते.

छपाईत नक्षीपेक्षा मजकुराला आधी जागा द्यावी. जिनसाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची व वापराची मुदत, नावपत्ता, अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. एवढे असले की घरचा माल बाजाराचा माल होतो.

खर्चाचा प्रश्न कोषाध्यक्षा विचारतीलच. साच्याचा खर्च एकदाच होतो, छपाई मात्र जितकी अधिक तितकी दर खोक्यामागे स्वस्त. त्या मोहाने हजारो खोकी घेऊन माळ्यावर रचू नका. किंमत बदलली की ती रद्दीच. आधी कात्री आणि फूटपट्टीने दोन नमुने हाताने करा, माल भरून पाहा, टेबलावरून खाली पाडून पाहा. मग सर्वांसाठी एकाच मापाचे कोरे खोके घ्या आणि प्रत्येक जिनसाची चिठ्ठी वेगळी चिकटवा. खर्च आटोक्यात राहील.

आपल्यापुढे उदाहरण आहेच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत हे नाव आज घरोघरी आहे. त्यांनी पापड चांगला लाटला, आणि तो स्वतःच्या नावाने विकला.

या दिवाळीसाठी मंडळाने निर्णय घ्यायचा आहे. माझी विनंती एवढीच, की खोक्यावर मंडळाचे नाव मोठे असावे आणि त्याखाली तो जिन्नस करणाऱ्या भगिनीचेही असावे. नमुने करून द्यायला मी रविवारी दुपारी मोकळी असते. येताना प्रत्येकीने आपला एकेक लाडू मात्र जरूर आणावा. अर्थात, माप घेण्यासाठी!