आईचं राहून गेलेलं घर



आपल्या या कार्यक्रमात आपण एरवी बचत, कर्ज, शेळ्या, शिलाई मशीन यांच्याबद्दल बोलतो. आज मी एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. तो अमेरिकेतला, त्याचा खेळ आपल्या गावात कुणी खेळत नाही, त्याचं नावही बहुतेकींनी ऐकलं नसेल. वॉरिक डन त्याचं नाव. पण ही गोष्ट सुरू होते ती सहा लेकरं एकटीनं वाढवणाऱ्या एका बाईपासून, म्हणून ती आपल्या कार्यक्रमात सांगावीशी वाटली. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचं राज्य आहे. मिसिसिपी नदीच्या काठी त्याची राजधानी आहे, बॅटन रूज. तिथे बेटी स्मदर्स नावाची एक कृष्णवर्णीय बाई पोलीस खात्यात होती. पदरात सहा मुलं, आणि सगळा भार तिच्या एकटीवर. पोलिसाच्या पगारात आठ तोंडं नाही, तरी सात तोंडं होतीच. भागायचं नाही. म्हणून पोलिसातली ड्युटी संपली की ती दुकानांसाठी वगैरे राखणीचं जादा काम करायची. घर भाड्याचं होतं. आपलं स्वतःचं घर असावं, ही तिची मोठी इच्छा होती.

वॉरिक तिचा थोरला. जन्म ५ जानेवारी १९७५ चा. आई ड्युटीवर असली की धाकट्या पाच जणांकडे तोच बघायचा. जेवलीत का, अभ्यास केलात का, दार लावलंत का. थोरल्यांना हे काही शिकवावं लागत नाही, तुम्हाला माहीतच आहे. त्यात तो खेळातही चांगला होता.

१९९३ साल. ५ जानेवारीला वॉरिकला अठरा वर्षं पूर्ण झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ७ जानेवारीच्या रात्री, बेटी तिच्या त्या जादा कामावर होती. एका किराणा दुकानाच्या मॅनेजरबाईंना दिवसभराचा गल्ला बँकेत टाकायचा होता. बेटी गाडी चालवत त्यांच्या सोबतीला गेली. बँकेपाशी दबा धरून बसलेल्या लुटारूंनी गोळ्या झाडल्या. मॅनेजरबाई जखमी झाल्या, पण वाचल्या. बेटी गेली. तिचं वय होतं ३६.

मैत्रिणींनो, ती मेली ती पोलिसाच्या ड्युटीवर नाही. पगार पुरत नव्हता म्हणून जे दुसरं काम धरलं होतं, त्या कामावर मेली. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. जादा काम करणारी बाई आपण रोज बघतो आणि किती कष्टाळू म्हणून तिचं कौतुक करतो. त्या कौतुकामागे काय काय असतं, ते बेटीच्या गोष्टीत दिसतं.

आता घरात सगळ्यात मोठा कोण? अठरा वर्षांचा वॉरिक. पाच भावंडांचा भार त्यानं घेतला. आजीनं घर सांभाळायला मदत केली. पण भावंडांच्या शाळेचं, पैशाचं, वागण्याचं बघणं त्याच्याकडे आलं.

त्याच वर्षी त्याला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला होता. ते विद्यापीठ टॅलाहासी गावात, घरापासून सहा-सातशे किलोमीटरवर. तो गेला. एकीकडे कॉलेज, एकीकडे खेळ, आणि फोनवर घर. पहिल्याच हंगामात त्याच्या संघानं देशाचं विजेतेपद मिळवलं. विद्यापीठाचं ते पहिलंच विजेतेपद होतं.

आता थोडं त्या खेळाबद्दल सांगते. त्याला म्हणतात फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चेंडू गोल नसतो, नारळासारखा लांबट असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू घेऊन समोरच्याच्या हद्दीत शिरायचं, आणि समोरच्यांनी त्याला धरून आडवा करायचा. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडतात ना, थोडंफार तसंच समजा. फक्त इथे पकडणारे गडी एवढे धिप्पाड की अंगावर लोखंडी कपाट पडावं. सव्वाशे-दीडशे किलोचे गडी असतात त्यात. वॉरिकची उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास. आपल्या गावात तो चांगला भरदार दिसेल, पण त्या खेळात तो लहानखुरा. व्यावसायिक खेळात हा टिकायचा नाही, असं जाणकार म्हणत होते.

१९९७ साली टॅम्पा बे बकेनियर्स या संघानं त्याला घेतलं. देशभरातून निवडलेल्या नव्या खेळाडूंमध्ये त्याचा नंबर बारावा होता. त्या वर्षी चढाईच्या बाजूनं खेळणाऱ्या नवख्या खेळाडूंमध्ये तो सर्वोत्तम ठरला. पुढे २००२ पासून सहा हंगाम तो अटलांटा फाल्कन्सकडून खेळला, आणि २००८ चा शेवटचा हंगाम परत टॅम्पाकडून.

बारा हंगामांत चेंडू घेऊन तो धावला १०,९६७ यार्ड. म्हणजे जवळपास दहा किलोमीटर. तुम्ही म्हणाल, एवढंच? बाजाराला आम्ही एवढं चालत जातो. खरंय. पण त्या दहा किलोमीटरांत प्रत्येक दोन-चार हातांवर कुणीतरी त्याला आडवं पाडलेलं आहे. पडायचं, उठायचं, पुन्हा दोन-चार हात पुढे जायचं. अशी त्याची बारा वर्षं गेली. दहा हजार यार्डांचा टप्पा त्या खेळात फार थोड्या जणांनी गाठलेला आहे.

आता मी ज्या कारणासाठी ही गोष्ट सांगतेय, तिथे येते.

टॅम्पाच्या संघाचे प्रशिक्षक होते टोनी डंजी. ते आपल्या खेळाडूंना सांगायचे, ज्या गावानं तुम्हाला डोक्यावर घेतलं त्या गावासाठी काहीतरी करा. बावीस वर्षांच्या वॉरिकनं ठरवलं, आईचं जे राहून गेलं ते आपण दुसऱ्या आयांसाठी करायचं. १९९७ सालीच, म्हणजे कमाईच्या पहिल्याच वर्षी, त्यानं काम सुरू केलं. एकटीनं मुलं वाढवणाऱ्या आईला तिचं पहिलं घर घ्यायला मदत करायची. या कामाचं नाव ‘होम्स फॉर द हॉलिडेज’. आजपर्यंत दोनशेहून अधिक कुटुंबं या मदतीनं आपल्या घरात राहायला गेली आहेत. टॅम्पा, अटलांटा, बॅटन रूज, टॅलाहासी, जिथे जिथे तो राहिला आणि खेळला, तिथे ही घरं आहेत.

त्याची मदतीची पद्धत मात्र नीट ऐका, कारण गटातल्या बाईला ती लगेच कळेल.

तो घर फुकट देत नाही. घर ती बाईच विकत घेते. तिनं आधीच कुठल्यातरी घरकुल संस्थेत नाव घातलेलं असतं. काही संस्थांत तर घर बांधताना स्वतः श्रमही करावे लागतात. कर्ज तिच्या नावावर, महिन्याचा हप्ता तिचाच, आणि म्हणून घरही तिचं. वॉरिकची संस्था दोन ठिकाणी हात देते. एक म्हणजे सुरुवातीला जी एकरकमी रक्कम भरावी लागते तिला हातभार. ही मदत पाच हजार डॉलरची असते, आजच्या हिशेबानं चार लाख रुपयांच्या वर. आणि दुसरं म्हणजे घरातलं सगळं सामान. पलंग, गाद्या, चादरी, टेबल-खुर्च्या, भांडी, स्वयंपाकघरात भरलेलं अन्न, अंगणातलं गवत कापायचं यंत्रसुद्धा. किल्ली घेऊन ती बाई मुलांसकट दार उघडते, तेव्हा आत संसार मांडलेला असतो.

याच दोन ठिकाणी का? विचार करा. दर महिन्याला भाडं वेळेवर देणारी बाई हप्ताही वेळेवर भरू शकते. तेवढी ऐपत तिच्यात असते. अडतं कुठे, तर पहिल्या रकमेपाशी. पगार येतो, भाड्यात, शाळेत, दवाखान्यात जातो. एकगठ्ठा पैसा कधी साठतच नाही. बेटी स्मदर्सचंही असंच झालं असणार. दोन दोन कामं करून तिनं सहा पोरं जगवली, पण घराच्या उंबऱ्याशी ती पोचली नाही.

आणि सामान का? कारण घर घेताना हात रिकामा होतो. मग फ्रीज उधारीवर, पलंग उधारीवर, आणि त्या बारक्या बारक्या हप्त्यांत घराचा मोठा हप्ता चुकतो. घर मिळवणं एक आणि टिकवणं दुसरं. कर्जात बुडालेलं घर आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलंय. सुरुवातीला उधारी डोक्यावर नसली की बाई हप्ता निभावून नेते.

आपण गटात शंभर-दोनशे रुपये टाकतो आणि एकीला एकदम मोठी रक्कम देतो, त्यातलं मर्मही हेच ना? परतफेड करायची ताकद बाईत असते. तिला हवा असतो पहिला धक्का.

२००४ सालचा वॉल्टर पेटन पुरस्कार वॉरिकला मिळाला. मैदानावरचा खेळ आणि मैदानाबाहेरचं समाजकार्य, दोन्ही पाहून हा पुरस्कार देतात. खेळ सोडल्यावर, २००९ साली, अटलांटा संघाच्या मालकीतला छोटासा हिस्साही त्यानं घेतला. म्हणजे ज्या संघासाठी पळायचा, त्या संघाचा तो भागीदार झाला.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण एक बाजू सांगायची राहते.

एवढं सगळं होत असताना वॉरिक स्वतः आतून मिटलेला होता. भावंडांसमोर रडायचं नाही, कारण आपण मोठे. संघासमोर रडायचं नाही, कारण आपण खेळाडू. आईचं दुःख त्यानं वर्षानुवर्षं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. अटलांटात असताना शेवटी तो समुपदेशकाकडे जायला लागला, तेव्हा कुठे बोलता झाला. उदास असणं हा आजार आहे आणि त्याला मदत घ्यावी लागते, हे त्यानं २००८ साली आपल्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिलं. एवढा नावाजलेला, धट्टाकट्टा पुरुष हे लिहितो, ही लहान गोष्ट नाही.

त्याच काळात, २००७ साली, तो लुइझियानातल्या तुरुंगात गेला. आईच्या खुनासाठी दोघांना मृत्युदंड सुनावलेला होता, त्यातल्या एकाला भेटायला. तो माणूस म्हणाला, खून मी केला नाही. वॉरिक भांडला नाही. आईच्या जाण्यानं आपलं काय झालं, भावंडांचं काय झालं, ते त्यानं सांगितलं. मला कुणाला तरी माफ करणं गरजेचं आहे म्हणून मी आलोय, असं त्याचं सांगणं होतं. माफी द्यावी की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी कुणाला त्याचा आग्रह करू नये. पण मनातलं ओझं खाली ठेवायला त्याला चौदा वर्षं लागली, एवढं ध्यानात ठेवा.

म्हणून आज दोन गोष्टी तुमच्याजवळ मागते.

पहिली, तुमच्या वस्तीत जिथे आई किंवा बाप गेलाय, तिथल्या थोरल्या लेकराकडे एकदा बघा. “किती समजूतदार आहे, सगळं घर सांभाळतो” असं आपण कौतुकानं म्हणतो आणि पुढे जातो. त्याला किंवा तिला जरा जवळ बसवा. “तुला कसं वाटतं?” एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बहुधा ती थोरली पोरगीच असते, आणि तिची शाळा आधी सुटते. ती सुटू नये एवढं गटानं बघितलं तरी खूप झालं.

दुसरी, घराची. या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना आठ काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का बघा. नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंद करता येते, त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. अर्ज लिहायला गटात मदत करू. आणि ज्या एकट्या बायकांचं घरकुल पहिल्या रकमेसाठी अडलंय, त्यांची नावं पुढच्या मासिक बैठकीत सांगा. अंतर्गत कर्जातून आधी कुणाला द्यायचं, ते सगळ्या मिळून ठरवू.

बेटी स्मदर्सला तिचं घर मिळालं नाही. पण तिच्या लेकानं ते दोनशेहून अधिक दारांवर बांधलं. ज्या आया आज त्या दारांतून आत-बाहेर करतात, त्यांतल्या कितीतरी जणींना ती कोण हेही माहीत नसेल. आज आपण तिची आठवण काढली, बरं वाटलं.

पुढच्या वेळी बैठकीत काय ठरलं ते मला नक्की कळवा.