पेटी आणि पेटीची बातमी

पनवेलला लागून असलेलें करंजाडे हें पूर्वींचें खेडें आज सिडकोच्या आंखणीनें उभ्या राहिलेल्या इमारतींचें उपनगर झालें आहे. तेथून न्हावा-शेव्याचें बंदर फार लांब नाहीं, आणि लोखंडी पेट्या वाहणारे लांबलचक ट्रेलर हें या परिसराचें नित्याचें दृश्य होय. त्यांच्या धुळीला व आवाजाला रहिवासी कंटाळतात, तें रास्तच आहे. परंतु पेटीच्या दाराशीं अडकविलेली लहानशी चिठ्ठी सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. व्यापाराची रीत अलीकडे बदलली ती अशा वस्तूंमुळें.

पेटींतून माल धाडण्याची युक्ति जुनी आहे. १९५६ च्या एप्रिलमध्यें माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या धंद्यांतील अमेरिकन गृहस्थानें ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला जहाजानें पाठविल्या. या पेटीनें गोदींतल्या हमालाचें ओझें हलकें केलें, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याची भाकरीहि हिरावली. न्हावा-शेव्याचें बंदर १९८९ मध्यें सुरू झालें तें पेटीचें युग मुरल्यानंतर. तेव्हां पेटी उचलणें सोपें झालें होतें. ती वाटेंत कोठें आहे, हें कळणें मात्र कठीण होतें.

१ जुलै २०१६ पासून या बंदरांतील पेट्यांना रेडिओच्या लहरींनीं वाचतां येणारी चिठ्ठी लावूं लागले. तिच्यांत सेल नसतो. फाटकावरील वा टोलनाक्यावरील यंत्राची लहर तिच्यावर पडली, कीं तेवढ्याच शक्तीवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. दिल्लीचा व्यापारी घरबसल्या पेटीचा मुक्काम पाहतो. माल केव्हां पोंचेल हें कळल्यानें कारखानदाराला कोठार विनाकारण भरून ठेवावें लागत नाहीं. खरा नफा येथें आहे.

मात्र बातमी ज्याच्या हातीं, बंदरहि त्याच्याच हातीं. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील एका हिशेबी प्रणालींतून विषारी आज्ञावली पसरली. कोपनहेगनच्या मर्स्क कंपनीचे संगणक बंद पडले, आणि तिच्याच समूहाकडे असलेला न्हावा-शेव्याचा एक धक्का अडला. क्रेन जागच्या जागीं होत्या, पेट्या होत्या, माणसें होतीं; नाहींशी झाली होती ती यादी. पुन्हां हातानें काम करण्याची पाळी आली. युक्रेन कोठें आहे हें ज्या ट्रेलरचालकाला ठाऊक असण्याचें कारण नाहीं, त्याची खेप तेथील एका बिघाडावर लटकली!

यास्तव जाळ्याला न जोडलेली दुसरी नोंद आणि ती चालविणारीं सवयीचीं माणसें राखावीं लागतात. हा खर्च हिशेबनिसाला नेहमींच फुकट वाटतो.

मर्स्कनें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे केले. साऱ्या जाळ्याची जी मूळ नोंद हवी होती, तिची शाबूत प्रत एकट्या घाना देशांतील कचेरींत सांपडली. कारण हल्ल्यापूर्वीं तेथील वीज गेली होती. ती तारेनें पाठविण्यास फार दिवस लागले असते, आणि घानाच्या कर्मचाऱ्यांपाशीं इंग्लंडचा परवाना नव्हता. तेव्हां एकानें तबकडी विमानानें नायजेरियांत नेली, तेथें ती दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि तो ती घेऊन लंडनला गेला.