राजीनाम्यानंतरचा हप्ता कोण भरतं?

(रायपूर येथे पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे बोलावताना आयोजक दादा म्हणाले, "ताई, तुम्ही लठ्ठ पगाराची नोकरी सोडून लेखनाकडे वळलात. मुलांना त्याबद्दल सांगा, त्यांना हिंमत येईल." मी हो म्हटलं. पण आज मी हिंमतीपेक्षा हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहे.

माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून मजुरीसाठी रायपूरला आले. बाबा सिलतराच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामगार होते. घरात पदवी घेणारी मी पहिली. समाजशास्त्रात एम.ए. झाले आणि एका खासगी बँकेच्या कर्ज विभागात लागले. तीन वर्षांत पगार साठ हजारांच्या पुढे गेला. आम्ही कर्ज काढून दोन खोल्यांचं घर घेतलं.

बँकेत माझ्याकडे छोट्या कर्जांच्या फाइली यायच्या. पत्ता वाचून एक वरिष्ठ म्हणायचे, "वस्ती कोणती आहे ते कळतंय ना? नीट बघा." नीट बघा म्हणजे नाकारा. त्याच वस्तीत माझी मावशी राहते. रात्री घरी येऊन मी हे सगळं वहीत लिहू लागले. दोन लेख छापून आले. मग एके दिवशी राजीनामा दिला आणि पीएच.डी.ला प्रवेश घेतला.

आई एवढंच म्हणाली, "लिहून का भेटते बाई? घराचा हप्ता कोण भरन?"

तेव्हा मला तो प्रश्न मागासलेला वाटला. आज वाटतं, आमच्या घरात समाजशास्त्राचा खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

आपल्या रायपूरचंच एक उदाहरण बघा. सप्रे शाळा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती ज्यांच्या नावाची, ते माधवराव सप्रे मराठी घरातले. १८९९ मध्ये बी.ए. झाले. तहसीलदारकी चालून आली होती, ती त्यांनी नाकारली. पेंड्रा इथे राजकुमाराला शिकवून मिळालेले पैसे जमवले आणि १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं. एका विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची त्यांची हिंदी कथा आजही वाचली जाते. त्यांचा त्याग खोटा नव्हता. पण पद नाकारण्यासाठी आधी ते समोर यावं लागतं. सप्रे ब्राह्मण होते. त्या काळी आपल्या वस्त्यांमधली मुलं शाळेच्या दारातच अडवली जात होती. म्हणून नोकरी सोडल्याच्या ज्या थोर गोष्टी आपण ऐकतो, त्या बहुतेक वेळा अशा घरांतल्या असतात जिथे नोकरीची वाट आधीच रुळलेली असते.

आता बाबासाहेबांकडे बघा. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, तेव्हा ते नोकरीतच होते. म्हणून संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. अग्रलेख मात्र बाबासाहेबांचे. म्हणजे त्या शतकातलं आपलं सर्वात महत्त्वाचं लेखन नोकरीत राहून सुरू झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी नोकरी सोडली, ती लंडनचं अर्धवट शिक्षण पूर्ण करायला. त्यामागे काय होतं? स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज आणि मागे मुंबईत तुटपुंज्या पैशांत घर चालवणाऱ्या रमाई. ही नावं इतिहासात नोंदलेली आहेत. ती नोंदली गेली, हे फार महत्त्वाचं आहे.

बाबुराव बागूल सुरतेला रेल्वेत नोकरीला होते. राहायला खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. ते सहन होईना, तेव्हा नोकरी सोडून ते मुंबईला परतले. १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्यांच्या नोकरी सोडण्यात 'मनासारखं जगण्याची' हौस नव्हती. पगार होता, पण स्वतःच्या नावाने राहायला जागा नव्हती.

आणि ऊर्मिला पवार यांनी नोकरी सोडलीच नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, संसार केला, मुलं वाढवली आणि कथा लिहिल्या. त्यांचं 'आयदान' २००३ मध्ये आलं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी. त्यांची आई ती विणून घर चालवायची. नोकरीत राहून लिहिणारी बाई कमी लेखिका ठरते, असं ते पुस्तक वाचून कोण म्हणेल?

आता माझा हिशेब सांगते. आजवर कुठल्याच व्यासपीठावर सांगितला नव्हता.

मी राजीनामा दिला तेव्हा माझा धाकटा भाऊ एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. माझ्या फेलोशिपचे पहिले पैसे यायला अकरा महिने लागले. हप्ता तर दर महिन्याच्या पाच तारखेला जायचाच. भावाने शिक्षण थांबवलं आणि औषध कंपनीचा माल दुकानोदुकानी पोचवायचं काम धरलं. मला म्हणाला, "दीदी, एक वर्षाचाच तर प्रश्न आहे." त्याची दोन वर्षं झाली.

त्याच काळात मी एक लेख लिहिला, 'मी नोकरी का सोडली'. खूप जणांनी वाचला, पुढे पाठवला. भावानेही वाचला. रात्री जेवताना म्हणाला, "छान लिहिलंय. पण यात मी कुठे आहे?"

मी काहीच बोलू शकले नाही. वस्तीचं नाव वाचून माणसं खोडणाऱ्या फाइलींवर मी चिडले होते. आणि माझ्याच लेखातून मी माझ्या घरातला माणूस खोडला होता.

मित्रांनो, नोकरी सोडू नका, असं मी म्हणत नाही. आपल्याबद्दल इतरांनी खूप लिहिलं, आता आपण लिहिलंच पाहिजे. पण आपल्याकडे पगार एकट्याचा नसतो. त्यात आईचं औषध असतं, बहिणीची फी असते, गावाकडचं देणं असतं. त्यामुळे राजीनाम्याचा निर्णयही एकट्याने घ्यायचा नसतो. घरी बसून, कागदावर मांडून, ज्याच्यावर भार येणार त्याला विचारून तो घ्यावा. त्याला 'नाही' म्हणायची मुभा द्यावी. मी ती दिली नव्हती.

लिहायला सुरुवात करायला राजीनाम्याची गरज नाही. वही आजपासून सुरू करता येते. आणि उद्या तुमचं नाव छापून आलं, तर ज्याने तुमचा हप्ता भरला त्याचंही नाव त्यात येऊ द्या.

फेलोशिप आता नियमित येते. जानेवारीपासून हप्ता मी भरते. येत्या जुलैत भाऊ पुन्हा कॉलेजात नाव घालतोय. आज इथे यायच्या आधी मी हे भाषण त्याला वाचून दाखवलं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. मी दीड वर्ष लिहिलं होतं, त्याने 'दोन' करायला लावलं.

जय भीम!