छबी आणि तिची मागची बाजू



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय येते, अर्थशास्त्र येते, राजकारण तर न बोलावताही येते. या थोर मंडळींच्या पंगतीत आज मी जुन्या नटनटींच्या फोटोंना पाट मांडून देणार आहे. विषय ऐकून चालकांपैकी एका गृहस्थांच्या कपाळाला आठी पडली. ती मी पाहिली आणि तिचा मला राग आला नाही. सोळाव्या वर्षी जडणारा आणि संसाराला लागल्यावर आपोआप बरा होणारा आजार, अशीच या छंदाची आपल्याकडे ख्याती आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा छंद डोळसपणे केला तर तो माणसाला घडवू शकतो. आणि तो तसा केला नाही, तर आपल्या घरातला एक मोलाचा पुरावा रद्दीवाल्याच्या तागडीत जातो.

प्रथम हे पाहू, की भिंतीवर छबी लावण्याची हौस आपल्याला लागली कोठून? तिचा उगम आपल्या घाटाच्या माथ्यावरच सापडतो. कर्जतहून गाडी घाट चढून लोणावळ्याला जाते, त्याच्या पुढचे स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत काढलेला शिळाछापाचा कारखाना पुढे या मळवलीला आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती आणि दमयंती घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या व्यवसायात असलेल्या दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. देवादिकांची छापील चित्रे आणि हलती चित्रे यांचे नाते असे एकाच छापखान्यातून गेलेले आहे. त्यामुळे पुढे देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर शांता आपटे किंवा नूतन यांचे चित्र आले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही नाके मुरडली तरी भिंतीला काही नवे वाटले नसेल!

आता या संग्रहात काय काय येते? भित्तिपत्रके येतात, त्यांचे आपल्याकडचे नेहमीचे माप तीस इंच बाय चाळीस इंच. थिएटरच्या दाराशी लावायचे फोटो येतात. गाण्यांच्या चोपड्या येतात. चित्रपटगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणारे ते पातळ पुस्तक; आत गाणी, नटसंच, आणि अर्धीच कथा. पुढचे पडद्यावर पाहावे, अशी मखलाशी शेवटी ठरलेली. मासिकांतली कात्रणे येतात, दिनदर्शिका येतात, काड्यापेटीवरची चित्रे येतात. आणि आपण स्टेशनवाले लोक असल्यामुळे आपल्याला विशेष जवळचे असे एक रत्न येते: वजनाच्या काट्याचे तिकीट. नाणे टाकायचे, चाक गरगरायचे, दिवे लुकलुकायचे आणि खाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा पडायचा. एका बाजूला नटीचे हसरे मुख. दुसऱ्या बाजूला आपले वजन आणि आपले भविष्य. वजन खोटे असले तरी चालेल, पण भविष्य खरे व्हावे, अशी प्रत्येकाची इच्छा असे.

या तिकिटांना कोणी हसू नये. केरळात 1933 साली जन्मलेला एक मुलगा लहानपणी सिनेमाची फाटकी तिकिटे आणि ही वजनाच्या काट्याची तिकिटे जमवीत असे. त्याचे नाव पी. के. नायर. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि हाच मुलगा पुढे त्याचा शिल्पकार ठरला. फाळके यांच्या घरच्यांकडून 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन' यांचे जे भाग हाती आले, ते त्यांनी जपले. म्हणून आज आपण ते पाहू शकतो. 2016 साली नायर पुण्यातच वारले. खिशातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यापासून एका राष्ट्राच्या स्मरणशक्तीपर्यंत हा छंद जाऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

स्मरणशक्ती हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यातुकड्यांनी उरलेले तीसएक. जुनी फिल्म ज्वालाग्राही असे, ती जळाली. तीत चांदीचा अंश असे, म्हणून ती वितळवली गेली. 1931 सालचा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे आपले मराठी गृहस्थ. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मागे उरले आहेत ते काही फोटो, जाहिराती आणि छापील कागद. म्हणजे पाहा, ज्याला आपण कचरा म्हणत होतो तो टिकला, आणि ज्याला कला म्हणत होतो ती नाहीशी झाली! बाबूराव पेंटरांनी आपल्या 'कल्याण खजिना' या मूकपटासाठी केलेले 1924 सालचे भित्तिपत्रक हे उरलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक. कोल्हापूरच्या त्या कलावंताच्या कामाची साक्ष आज असा एखादा कागद देतो.

येथपर्यंत आपण म्हणाल, ठीक आहे, इतिहासाच्या दृष्टीने उपयोग झाला. पण संग्रह करणाऱ्याचा स्वतःचा काय फायदा? त्यासाठी माझ्या पेटीतली दोन चित्रे मी आपल्यापुढे मनानेच मांडतो. दोन्ही तारामतीची आहेत.

पहिली तारामती 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली. हिचे नाव अण्णा साळुंके. होय, अण्णाच! हॉटेलात स्वयंपाक करणारा हा तरुण फाळक्यांना मिळाला, कारण चित्रपटात काम करायला एकही स्त्री तयार होईना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी ते धाडस केले खरे. पण समाजाचे दार काही त्यामुळे सताड उघडले नाही. 1917 सालच्या 'लंकादहना'त याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली.

दुसरी तारामती 1932 सालच्या 'अयोध्येचा राजा'मधली. प्रभात कंपनी, दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गाबाई खोटे. 1905 साली सुखवस्तू लाड घराण्यात जन्मलेल्या, झेवियर कॉलेजात शिकलेल्या, खोट्यांच्या श्रीमंत घरात दिलेल्या या बाई. सासरची आर्थिक घडी विस्कटली, तरुणपणीच वैधव्य आले, पदरी दोन मुलगे. कोणी काय म्हणेल याचा विचार करायचा की मुलांच्या ताटाचा, असा तो प्रश्न होता. बाईंनी ताटाचा विचार केला आणि नंतर सारी कारकीर्द अशी केली, की म्हणणाऱ्यांना बोलायला जागा उरली नाही. 'अमर ज्योती'तली सौदामिनी 1936 सालची, 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई 1960 सालची. 1983 सालच्या फाळके पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. अखेरची वर्षे त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला काढली. 1991 साली त्या गेल्या.

ही दोन चित्रे वेगवेगळी पाहिली तर एक गमतीचे आहे आणि एक देखणे आहे. शेजारी शेजारी ठेवली, की मधली एकोणीस वर्षे बोलू लागतात. संग्रह म्हणतात तो याला. नुसत्या ढिगाला आपण अडगळ म्हणतो.

माझी एक आत्या होती. नेरळला राहायची. ऐन तिशीत तिचे कुंकू गेले. पुढे शिवणाच्या यंत्रावर तिने घर चालवले. तिच्या पश्चात तिची ट्रंक उघडली, तेव्हा लग्नातल्या शालूच्या घडीत मासिकातून कापलेले दुर्गाबाईंचे एक चित्र निघाले. आत्याने आयुष्यात फारसे सिनेमे पाहिले नव्हते. चित्र उलटून पाहिले तर मागे पेन्सिलीने हिशेब: चोळ्या किती, झबली किती, येणे किती, यंत्राच्या हप्त्याचे देणे किती. पुढच्या बाजूला एक विधवा राणीच्या वेषात उभी. मागच्या बाजूला दुसरी विधवा बेरजा करीत बसलेली. या दोघींची कधी भेट झाली नाही. पण कोणाच्या आधाराने कोण चालले होते, हे सांगायला मला पंडित लागला नाही.

स्फूर्ती म्हणजे काय, याचा अर्थ मला तेव्हा कळला. आपल्या कर्जत स्टेशनात पुण्याकडची गाडी थांबते आणि तिला मागून इंजिने लावतात. पुढचे इंजिन आपले काम करीतच असते. घाट तेवढा त्याला एकट्याला जड जातो. मागची इंजिने गाडीला घाट चढवतात आणि वर गेल्यावर मुकाट्याने सुटी होतात. मोठ्या माणसाच्या चित्राने आपल्या आयुष्यात एवढेच करावे. ओढायचे आपल्यालाच आहे. जो तरुण नटासारखे केस कापतो आणि तेथेच थांबतो, त्याने इंजिन पुढच्या बाजूला आणि तेही चित्रातले लावले!

म्हणून माझी विनंती अशी, की चित्र जमवताना त्या माणसाने काय सोसले आणि काय केले, तेही जमवा. ललिता पवार यांचे उदाहरण घ्या. मूकपटांच्या काळापासून नायिकेची कामे करणारी ही देखणी नटी. 1942 साली चित्रीकरणात सहनटाच्या हातून जोराची थप्पड बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत वर्षे गेली आणि नायिकेची कामे संपली. दुसरी कोणी असती तर आरसे झाकून बसली असती. या बाईंनी तोच डोळा कामाला लावला. पडद्यावरची खाष्ट सासू म्हणून साऱ्या देशाने त्यांना शिव्या घातल्या, आणि 'श्री 420'मधली केळेवाली व 'अनाडी'तली मिसेस डिसा पाहून त्याच देशाने डोळे पुसले. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यांचा अपघाताआधीचा फोटो बाजारात महाग. मला नंतरचा अधिक मोलाचा वाटतो.

बाजाराचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द. मुंबईच्या चोरबाजारात जुनी म्हणून नवी छपाई सर्रास मिळते. मूळ प्रदर्शनाचे पत्रक वेगळे आणि चित्रपट पुन्हा लागला तेव्हाचे वेगळे. भिंग घेऊन पाहावे, कागद हाताला लावून पाहावा, आणि ऐपतीबाहेर पैसा घालू नये. किंमत दुकानदार ठरवतो; मोल आपण ठरवायचे असते.

आता आपल्या दाराशी येतो. खालापूर तालुक्यात, चौकजवळ, नितीन देसाई यांनी 2005 साली एन. डी. स्टुडिओ उभारला. दापोलीत जन्मलेल्या या कलादिग्दर्शकाला 'लगान', 'देवदास' यांसारख्या कामांसाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'जोधा अकबर'साठी येथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. दुर्गाबाईंची जोधाबाई अलिबागेत विसावली आणि दुसऱ्या जोधाबाईचा महाल चौकला बांधला गेला, हा आपल्या जिल्ह्याचा योगायोग! 2023 च्या ऑगस्टमध्ये देसाई कर्जाच्या ओझ्याखाली, त्याच स्टुडिओत, अकाली गेले. पुढे शासनाच्या चित्रपट महामंडळाने स्टुडिओ चालवायला घेतला. इमारतींचे काय व्हायचे ते होईल. मला चिंता आहे ती वेगळी. असा किल्ला उभा करायला सुतार लागतात, रंगारी लागतात, प्लॅस्टरचे साचे करणारे लागतात, जेवणाचे डबे पोहोचवणारे लागतात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरात एखादा फोटो असेल, प्रवेशाचा पास असेल, मजुरीची चिठ्ठी असेल. ताऱ्यांचे फोटो कोणीतरी जपेलच. हे कागद तुम्ही जपले नाहीत, तर जगात दुसरे कोणीही जपणार नाही.

आणि जपायचे कसे? आपल्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी. ओल आणि कसर यांपुढे कोणाचा टिकाव लागत नाही. 2003 साली पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला लागलेल्या आगीत कित्येक जुन्या फिल्म नष्ट झाल्या; तेव्हा मोठ्या संस्थांनाही हे संकट चुकत नाही. पण घरच्या घरी थोडे करता येते. चित्र खळीने वहीत चिकटवू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद करू नका. कोरड्या जागी, पांढऱ्या कागदाच्या घडीत, भिंतीपासून दूर ठेवा; पोथीला ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी जवळ असू द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे: पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहा, हे चित्र कोणाचे, कोठून आले, कोणी जपले आणि कशासाठी.

आज मोबाइलवर हवी ती छबी क्षणात मिळते. मग हा खटाटोप का, असे तरुण मंडळी विचारतील. त्यांना माझे उत्तर एकच: त्या छबीला मागची बाजू नसते. तेथे ना वजन, ना भविष्य, ना चोळ्यांचा हिशेब.

मृगाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात घरातली एकेक ट्रंक उघडा. जे निघेल ते रद्दीत टाकण्यापूर्वी उलटून पाहा, आणि ज्यांना घरी ठेवणे शक्य नाही त्यांनी ते गावातल्या वाचनालयाकडे द्यावे. वाचनालयाच्या चालकांनी त्यासाठी एक कपाट मोकळे करावे, अशी त्यांना मी या व्यासपीठावरूनच जाहीर विनंती करतो, म्हणजे त्यांना नाही म्हणणे अवघड जाईल!