खाजणातलं भात आणि संजीवकं

केळवे, सफाळे, तारापूरच्या खाडीकाठी भरतीचं पाणी बांध ओलांडतं आणि खाजणात मीठ साचतं. असं मीठ भाताला दोनदा जास्त बाधतं: रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात. मुळांना पाणी ओढणं जड जातं, सोडियम आत शिरतं, पोटॅशियम कमी पडतं.

इथे संजीवकं, म्हणजे रोपाच्या वाढीवर परिणाम करणारी द्रव्यं, थोडा हात देतात. सॅलिसिलिक आम्ल हे त्यातलं स्वस्त. प्रयोगांत लिटरभर पाण्यात साधारण 100 मिलिग्रॅम, इतक्या सौम्य द्रावणात बी भिजवतात. त्यामुळे रोपाची ताण सोसण्याची यंत्रणा आधीच जागी होते. जिबरेलिक आम्लाने उगवण सुधारते, पण मात्रा वाढली की रोप लांबुडकं होऊन लोळतं. म्हणून आधी एका वाफ्यातच करून पाहा.

मात्र संजीवक मातीतलं मीठ काढत नाही, हे मी ठासून सांगेन. ते काम पावसाचं, भक्कम बांधाचं आणि वेळेवर उघडणाऱ्या उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचं. बियाणंही क्षार सोसणारंच घ्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-1, 2 आणि 3 हे वाण त्यासाठीच दिलेत. पेरणीआधी माती तपासा. क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं.